लुळ्या पायांना चाके मिळतील, जबाबदारी कोणाची?

जळगाव शहराच्या मधोमध गेलेल्या जुन्या महामार्गावर खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली अशी ठिकाणे ओलांडताना रस्त्याच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. पुढच्या दोन पायांवर शरीराचा सारा भार घेऊन, मागचा निर्जीव भाग फरफटत नेणारे एखादे कुत्रे चहाच्या टपरीपाशी येते, कोणी टाकलेला पावाचा तुकडा खाते आणि पुन्हा सावलीकडे सरकते. धुळ्यातही वेगळी स्थिती नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे देशातील दोन मोठे महामार्ग ज्या शहरापाशी एकमेकांना छेदतात, तेथे नगावबारीपासून देवपूरपर्यंत अशी जनावरे दिसली नाहीत तरच नवल. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावी रेल्वेखाली पाय गमावलेल्या कुत्र्यांची त्यात भर पडते.

वाहनाच्या धडकेत कण्याला मार बसलेले कुत्रे एक तर काही दिवसांत मरते किंवा अपंगत्व घेऊन जगते. मेलेल्याची विल्हेवाट महापालिका लावते. जगलेल्याची जबाबदारी मात्र कोणाकडेच नसते. कोणी हळहळतो, कोणी भाकरी टाकतो, कोणी 'इंजेक्शन देऊन सोडवा याला' असा सल्ला देतो. मागच्या पायांची शक्ती गेलेल्या श्वानाला दोन चाकांच्या गाडीच्या आधाराने चालता येते, धावता येते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना ही परदेशातील श्रीमंतांची चैन वाटते. यातील पहिले अज्ञान आहे आणि दुसरा गैरसमज. दोन्ही दूर झाल्यानंतर खरा प्रश्न उरतो तो जबाबदारीचा, आणि तोच अधिक अवघड आहे.

निदानाआधी गाडी नको

श्वानाचे मागचे पाय लुळे पडण्याची कारणे अनेक आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांत अपघात हे प्रमुख कारण. घरात पाळलेल्या डॅशहुंड, पग अशा आखूड पायांच्या किंवा बुटक्या जातींमध्ये मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येतो. जर्मन शेफर्डमध्ये उतारवयात मज्जारज्जूचा ऱ्हास होत जाणारा एक आजार आढळतो. त्यात वेदना नसते, पण पायांतील बळ महिन्यामहिन्याने ओसरत जाते. लॅब्रॅडॉरसारख्या वजनदार जातींत खुब्याच्या सांध्याचा जन्मजात दोष असतो. डिस्टेंपर या विषाणुजन्य आजारातून वाचलेल्या पिलांमध्येही लकवा किंवा सतत झटके येणे मागे राहते.

यांतील प्रत्येकाला गाडीची गरज नसते. कमरेचे हाड मोडलेले कुत्रे सुरुवातीला अजिबात उठत नाही. पण मज्जातंतू शाबूत असतील तर चार ते सहा आठवडे आखूड जागेत पूर्ण विश्रांती दिल्यावर अशी अनेक कुत्री पुन्हा चालू लागतात. तीन पायांचे कुत्रे तर बहुधा कोणत्याही साधनाशिवाय उत्तम जगते. म्हणून क्ष-किरण तपासणी आणि मज्जासंस्थेची परीक्षा आधी व्हायला हवी. बोटाच्या हाडाला चिमट्याने जोरात दाबल्यावर श्वानाला वेदना कळते का, हे पशुवैद्य पाहतात. पाय नुसता आखडून घेणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. मान वळवून पाहणे, ओरडणे हे वेदना मेंदूपर्यंत पोहोचल्याचे लक्षण. चकती सरकल्याच्या आजारात ही खोल संवेदना टिकून असेल तर वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य श्वान पुन्हा चालतात. ती गेली असेल तर ही शक्यता निम्म्याच्या आसपास येते. कणाच तुटला असेल तर आशा फारच कमी. या परीक्षेला खर्च लागत नाही, जाणकार हात लागतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. अचानक मागचे पाय लटपटू लागलेले, जबडा लोंबणारे, लाळ गळणारे आणि लस दिल्याची माहिती नसलेले कुत्रे हे रेबीजचे असू शकते. पिसाळलेले कुत्रे अंगावरच येते असे नाही. या रोगाचा एक प्रकार लकव्याच्या रूपाने प्रकट होतो. दयेपोटी अशा कुत्र्याच्या तोंडात पाणी घालायला जाणे जिवावर बेतू शकते. अपघातग्रस्त कुत्र्यालाही वेदनेच्या भरात चावण्याची सवड न देता, तोंड सैलसर बांधून, फळीवर किंवा जाड चादरीवर आडवे ठेवून न्यावे. पाय धरून उचलल्यास मोडलेला मणका आणखी सरकतो. घरातील पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नये. माणसाच्या या वेदनाशामक गोळ्या श्वानाच्या यकृतावर, मूत्रपिंडावर आणि रक्तावर घातक परिणाम करतात.

पाइपांच्या गावात

श्वानांसाठी चाकांची गाडी ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत पशुवैद्यकांनी १९६० च्या दशकातच अशा गाड्या बनविण्यास सुरुवात केली होती. भारतात उदयपूरच्या 'अ‍ॅनिमल एड अनलिमिटेड' या संस्थेने लकवा झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना गाड्यांवर फिरविण्याचे काम नित्याचे केले आहे. जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथुर यांनी पाय गमावलेल्या गायीवासरांसाठी 'कृष्णा लिंब' या नावाने कृत्रिम पाय तयार केले. माणसांसाठीचा 'जयपूर फूट' हाही याच शहरातला. त्याच्या नळीसाठी पाणीपुरवठ्याच्या पाइपांत वापरले जाणारे उच्च घनतेचे पॉलिथिलीन वापरले गेले आणि त्यामुळे कृत्रिम पाय गरिबाच्या आवाक्यात आला, हा इतिहास जळगावकरांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे.

कारण जळगाव हे पाइपांचे गाव आहे. ठिबक सिंचन आणि पीव्हीसी पाइपांच्या उद्योगाने या जिल्ह्याचे नाव देशाबाहेर नेले. औद्योगिक वसाहतीतील प्लॅस्टिक चटयाही दूरवर जातात. श्वानाच्या घरगुती गाडीला लागते ते नेमके हेच साहित्य: पाऊण किंवा एक इंची पाइप, एल्बो, टी, टोप्या आणि सोल्युशन. शेतात ठिबकची लाइन जोडणाऱ्या कोणत्याही कारागिराला हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. चाके जुन्या बाबागाडीची किंवा लहान मुलांच्या सायकलीची चालतात. पोटाखालचा झोळ दप्तराच्या रुंद पट्ट्यांतून शिवता येतो. तयार गाडी मागविली तर काही हजार रुपये मोजावे लागतात. घरी बनविलेली त्याच्या अंशात होते. चैनीच्या आक्षेपाला याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

मात्र स्वस्त गाडी आणि चुकीची गाडी यांतील अंतर मोजपट्टीचे असते. जमिनीपासून पाठीपर्यंतची उंची, कमरेची रुंदी, पुढच्या पायाच्या काखेपासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि वजन ही मापे आधी घ्यावी लागतात. गाडीत उभ्या केलेल्या श्वानाची पाठ सपाट दिसली पाहिजे. मागची बाजू उंच झाली तर सारा भार पुढच्या खांद्यांवर येतो आणि असलेले दोन चांगले पायही काही महिन्यांत दुखू लागतात. चाके खुब्याच्या किती पुढे-मागे बसविली, यावर हा तोल अवलंबून असतो. पट्टा काखेत किंवा जांघेत घासता कामा नये. मलमूत्राची जागा मोकळी राहिली पाहिजे. मागच्या पायांत थोडेही बळ उरले असेल तर पंजे जमिनीला टेकतील असे पाहावे, कारण चालण्याचा प्रयत्न हाच त्यांचा व्यायाम असतो. पुढचे पायही कमजोर असतील तर दोन चाकांची गाडी उपयोगाची नाही. चार चाकांची लागते.

पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटे पुरेत. बहुतेक कुत्री काही दिवसांत सरावतात. गाडीत बांधलेल्या श्वानाला बसता वा आडवे होता येत नाही, म्हणून त्याला गाडीत एकटे सोडून जाणे धोक्याचे आहे. गाडी फिरण्यापुरती, विश्रांती जमिनीवर, हा नियम.

चाकांपलीकडची सेवा

गाडी चढविली की काम संपले असे समजणाऱ्यांची निराशा होते. अर्धांग लुळे पडलेल्या श्वानाचा खरा शत्रू अनेकदा त्याचे मूत्राशय असते. मज्जारज्जूला इजा झालेल्या कित्येक श्वानांना आपणहून लघवी करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोटाच्या खालच्या भागावर हलका दाब देऊन मूत्राशय रिकामे करावे लागते. हे तंत्र पशुवैद्याकडून एकदा शिकून घेतले की घरातील कोणालाही जमते, पण चुकविता येत नाही. मूत्र साचले की संसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत जातो. थेंब थेंब लघवी गळते आहे म्हणजे मूत्राशय मोकळे होते आहे, ही समजूतही चुकीची. भरून वाहणारे मूत्राशय असेच गळते.

दुसरा शत्रू जखमा. एकाच कुशीवर पडून राहिल्याने खुबा, कोपर, घोटा या हाडांच्या जागी त्वचा कुजते. चार-सहा तासांनी कूस बदलणे, जाड मऊ अंथरूण, कोरडे शरीर यांना पर्याय नाही. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माश्या बसतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. फरफटत चालण्याने पंजाची कातडी सोलवटते. घरात वावरताना मागच्या भागाला कापडी पिशवी चढविली तर हे टळते. पाय आखडू नयेत म्हणून सांधे दिवसातून दोन-तीन वेळा हळुवार हलवावे लागतात. ज्याच्या पायांत थोडे त्राण आहे, त्याला पोटाखालून उपरणे किंवा जुनी ओढणी घालून, मागचा भार पेलत चालविता येते. सांधेदुखीच्या म्हाताऱ्या श्वानाला गाडीपेक्षा गुळगुळीत फरशीवर न सरकणारे रबरी पायपुसणे आणि वजनावर नियंत्रण यांचाच अधिक उपयोग होतो.

खानदेशात यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा डांबरी रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. धडधाकट कुत्रे पाय भाजला की उचलते. लुळ्या पायाला चटका कळतच नाही. फोड आल्यावरच ध्यानात येते. म्हणून गाडीचे फिरणे सूर्योदयाच्या सुमारास किंवा दिवे लागल्यानंतर. पालथा हात रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावा. माणसाला सोसवत नसेल तर श्वानालाही नेऊ नये.

मालक नसलेल्याचे काय?

एवढी सेवा घरातील श्वानाची होऊ शकते. रस्त्यावरच्या कुत्र्याची कोण करणार? चर्चा येथे येऊन थांबते, आणि तिने येथूनच सुरू व्हायला हवे. गाडी बांधून कुत्र्याला चौकात सोडून देणे ही भूतदया नव्हे. ते उलटेल, गटारात अडकेल, दुसऱ्या कुत्र्यांनी हल्ला केला तर त्याला पळता येणार नाही. चालन-साधन हे माणसाच्या सोबतीनेच साधन ठरते. म्हणजेच रस्त्यावरच्या अपंग कुत्र्याला चाकांच्या आधी निवारा आणि पालक हवा.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री होती. त्यांच्यासाठीच्या सरकारी धोरणाचा सारा भर निर्बीजीकरण आणि रेबीजची लस यांवर आहे. २००१ च्या नियमांची जागा २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घेतली, तरी मूळ सूत्र तेच राहिले: पकडा, शस्त्रक्रिया करा, लस द्या, जिथून आणले तिथे सोडा. असाध्य आजारी आणि प्राणघातक जखमी कुत्र्यांना वेदनारहित मृत्यू देण्याची तरतूदही नियमांत आहे, आणि ती योग्यच आहे. पण मागचे पाय गेलेले, तरीही खाणारे, ओळखीच्या माणसाला पाहून शेपटीऐवजी मान हलविणारे कुत्रे या दोन्ही वर्गांत बसत नाही. ते मरणपंथाला लागलेले नाही आणि रस्त्यावर परत सोडण्याजोगेही नाही. मधल्या या जिवासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात सहसा रकाना नसतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांनी या प्रश्नाला वेगळी धार आली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. पिसाळलेली व आक्रमक कुत्री त्यातून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्यास आणि पुन्हा तेथे न सोडण्यास सांगितले. या आदेशांवर प्राणिप्रेमी आणि श्वानदंशाने त्रस्त नागरिक यांच्यात बरेच वादंग झाले. त्या वादात एक साधी गोष्ट बाजूला पडली. निवारे उभारायचेच असतील तर त्यांची सर्वांत आधी आणि निर्विवाद गरज अपंग श्वानांना आहे. धडधाकट कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवावे की नाही यावर दुमत असू शकते. फरफटणाऱ्या कुत्र्याला छप्पर मिळावे यावर नसावे.

कायद्याचा आधारही आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये झालेल्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असली पाहिजे आणि तिला शुश्रूषागृह व निवारा बांधण्यासाठी जागा उपलब्ध करून दिली पाहिजे. शुश्रूषागृह हा शब्द कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नागराज खटल्यात भूक, वेदना, भीती यांपासून मुक्ततेसह प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांची दखल घेतली. दुसऱ्या बाजूला, १९६० च्या कायद्यात क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंडच अजून लिहिलेला आहे. म्हाताऱ्या वा पंगू झालेल्या पाळीव कुत्र्याला रात्री महामार्गावर सोडून देणारा मालक या रकमेला घाबरत नाही.

माणसांना नाही, तर कुत्र्यांना कशाला?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. याच जिल्ह्यांत साध्या तीनचाकी सायकलीसाठी शिबिरांच्या रांगेत उभे राहणारे दिव्यांग आहेत. २०१६ च्या कायद्याने त्यांना हक्क दिले, कानपूरच्या 'अ‍ॅलिम्को'सारखा सरकारी उपक्रम १९७६ पासून साधने बनवितो, तरी साधन मिळणे, ते मापाचे असणे आणि मोडल्यावर दुरुस्त होणे या तिन्ही टप्प्यांवर त्यांची अडवणूक होते. श्वानाच्या गाडीसाठी त्यांच्या वाट्याचा एक रुपयाही वळविला जाऊ नये, हे निःसंशय. पण तसे कोणी मागतही नाही. जी गाडी पाइपांच्या उरलेल्या तुकड्यांतून होते, तिच्यामुळे कोणाची तीनचाकी हुकत नाही. उलट मापाचे, स्वस्त, गावात दुरुस्त होणारे साधन बनविण्याचे जे कसब यातून हाती येते, ते माणसांच्या साधनांनाही उपयोगी पडू शकते.

वेदनारहित मृत्यूचा प्रश्नही प्रामाणिकपणे हाताळला पाहिजे. प्रत्येक श्वान वाचवायलाच हवा असे नाही. न शमणारी वेदना, पुन्हा पुन्हा चिघळणाऱ्या खोल जखमा, अन्नावरची वासना उडणे, सेवा करणारे कोणीच नसणे ही स्थिती असेल तर पशुवैद्याच्या निर्णयाने त्याला सोडविणे हीच दया. निर्णयाचा निकष मात्र श्वानाची अवस्था हा असावा. पाहणाऱ्याला ते दृश्य सोसवत नाही, हा नसावा.

जवळचीच साधने

खानदेशाला या कामासाठी फार लांब जावे लागणार नाही. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही जुनी पशुवैद्यकीय महाविद्यालये दूर आहेत, हे खरे. कण्याची शस्त्रक्रिया करायची तर मालकाला मुंबई-पुण्याचा रस्ता धरावा लागतो आणि त्यात मोलाचे तास जातात. परंतु निदान, मूत्राशयाची निगा, जखमांची मलमपट्टी आणि गाडीचे माप ही कामे जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतात. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातील एक दुपार अपंग लहान प्राण्यांसाठी राखून ठेवली तरी सुरुवात होईल.

जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील, तंत्रनिकेतनांतील, धुळ्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पांसाठी विषय शोधत असतात. माप बदलता येईल अशी, खानदेशी खडबडीत रस्त्याला टिकेल अशी, हजार रुपयांच्या आत बसणारी श्वान-गाडी हा त्यांच्यासाठी उत्तम विषय आहे. पाइप उद्योगाने कापलेले तुकडे दिले तरी पुरे. पांजरापोळ ही संस्था या भागातील व्यापारी पेठांना नवी नाही. म्हाताऱ्या आणि निरुपयोगी ठरलेल्या गुरांना आमरण सांभाळण्याची ही परंपरा जुनी आहे. बिनकामाच्या बैलाला जागा देणारी ही दृष्टी दहा-वीस लुळ्या श्वानांसाठी एक वेगळे आवार राखू शकेल. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ मध्ये महापालिका झाल्या. निर्बीजीकरणाच्या निविदेत अपंग श्वानांच्या निवाऱ्याची अट घालणे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात छोटी तरतूद करणे त्यांच्या अधिकारात आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेच्या बैठकीत शुश्रूषागृहाच्या जागेचा विषय घेतला, तर २००१ चा नियम कागदावरून जमिनीवर येईल.

एक गाडी बनवून एका कुत्र्याला धावताना दाखविणे सोपे आहे. त्याचे छायाचित्र भराभर फिरते आणि लोक हेलावतात. त्याच कुत्र्याचे मूत्राशय सहाव्या महिन्यात दिवसातून चार वेळा कोण रिकामे करतो, याचे छायाचित्र कोणी काढत नाही. खानदेशात हे काम उभे राहिले की नाही, हे त्या सहाव्या महिन्यात ठरेल. येत्या अंदाजपत्रकात दोन्ही महापालिका यासाठी किती रकमेचा रकाना उघडतात, याकडे नागरिकांनी लक्ष ठेवायला हवे.